नाव, नाव, नाव

“ताई, तुमचा फॉर्म पहिल्या चौकटीत मला तीनदा नाव विचारतो आणि पुढच्या दोन चौकटींत तोंडच उघडत नाही. मी कुणाचं नाव कुठं घालू?”

फोन सरांचा होता. सर गणिताचे निवृत्त शिक्षक. पन्नाशीनंतर दृष्टी गेली, तेव्हापासून एनव्हीडीए या मोफत स्क्रीन रीडरच्या आधारानं कॉम्प्युटर वापरतात. गावातल्या जुन्या वाचनालयाचे ते सभासद आणि त्या वाचनालयाची वेबसाइट मी सांभाळते. साइट मुळात दुसऱ्याच कुणी बांधलेली. माझ्याकडे आली तेव्हा चालू होती, एवढंच तिच्याविषयी सांगता येईल. कुटुंब-सभासदत्वाचं नूतनीकरण त्या वर्षी ऑनलाइन सुरू झालं होतं.

मी फॉर्म उघडला. तीन सभासदांच्या तीन ओळी, प्रत्येक ओळीत नाव, जन्मतारीख, नातं. डोळ्यांना सगळं जागच्या जागी. मग तिसऱ्या ओळीतल्या ‘नाव’ या शब्दावर क्लिक केलं, आणि कर्सर उडी मारून पहिल्या ओळीत जाऊन बसला.

कारण लगेच कळलं. फॉर्मची एक ओळ एका छोट्या टेम्प्लेटमध्ये लिहिलेली होती आणि सर्व्हर ती लूपमध्ये फिरवत होता, जितके सभासद तितक्या वेळा. टेम्प्लेटमध्ये चौकटीला आयडी दिला होता ‘नाव’, आणि लेबल सांगत होतं की मी ‘नाव’ या आयडीच्या चौकटीचं. एका ओळीपुरतं हे अगदी बरोबर आहे. पण लूप तीनदा फिरला की एकाच पानावर एका आयडीच्या तीन चौकटी होतात. आयडी पानात एकमेव असावा असा नियम आहे. तो मोडला की ब्राउझर वरून शोधत निघतो आणि पहिली चौकट सापडली की थांबतो. तिन्ही लेबलं त्या पहिलीला चिकटली. म्हणून स्क्रीन रीडर तिथं ‘नाव नाव नाव’ म्हणाला, आणि उरलेल्या दोन चौकटींना लेबलच न उरल्यामुळे नुसतं ‘एडिट, ब्लँक’ म्हणून पुढं गेला. सरांनी फोनवर जे सांगितलं ते शब्दशः खरं होतं.

दुरुस्ती दोन मिनिटांची. आयडीला ओळीचा क्रमांक जोडला, लेबलालाही तोच जोडला, आणि लेबलाचा मजकूर ‘सभासद ३, नाव’ असा केला. सरांनी त्याच संध्याकाळी फॉर्म भरला. मला मात्र वेगळीच गोष्ट सलत राहिली. ही चूक त्या पानात महिनोन्‌महिने होती, शेकडो लोकांनी ते पान पाहिलं होतं, मीही पाहिलं होतं, आणि ती कुणालाच दिसली नव्हती. ते पान पहिल्यांदा पाहिलं त्याच दिवशी मी व्हॅलिडेटरला दिलं असतं, तर त्यानं पहिल्याच फटक्यात ‘दुबार आयडी’ असं लिहून, पहिला आयडी कुठल्या ओळीत आहे तेही दाखवलं असतं.

व्हॅलिडेटर म्हणजे वेब पानाचं मुद्रितशोधन करणारा प्रोग्राम. पान ज्या एचटीएमएल भाषेत लिहिलेलं असतं तिचे नियम त्याला पाठ असतात. कुठला टॅग उघडा राहिला, कुठला नको तिथं मिटला, काय कशाच्या आत बसू शकत नाही, हे तो ओळ-क्रमांकासह सांगतो. वेबचे नियम ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसी या संस्थेची व्हॅलिडेटर सेवा कुणालाही फुकट वापरता येते, आणि त्यामागचा नू एचटीएमएल चेकर हा प्रोग्राम स्वतःच्या कॉम्प्युटरवर उतरवूनही चालवता येतो. तरीही आमच्या धंद्यात तो चालवणारे थोडे. “पान दिसतंय ना नीट?” हा प्रश्न तिथल्या तिथं विषय संपवतो.

पान नीट दिसतं, कारण ब्राउझर सावरून घेतो. ही सवय इंटरनेटच्या मुळातच आहे. १९८० मध्ये जॉन पोस्टेल यांनी टीसीपी या इंटरनेटच्या संदेशवहन-नियमाच्या आराखड्यात एक तत्त्व घातलं : पाठवताना काटेकोर राहा, स्वीकारताना उदार राहा. टिम बर्नर्स-ली यांनी जिनिव्हाजवळच्या सर्न या संस्थेत वेब रचलं तेव्हा ब्राउझरांनी त्या तत्त्वातला दुसरा अर्धा भाग मनापासून उचलला, आणि पानं लिहिणाऱ्यांनी पहिला अर्धा सोडून दिला. टॅग मिटवायला विसरलात? ब्राउझर मिटवेल. उलटसुलट मिटवलेत? तो लावून घेईल. पण प्रत्येक ब्राउझर आपापल्या पद्धतीनं लावायचा, त्यामुळे एकच पान इथं एक आणि तिथं दुसरंच दिसे.

यावर जानेवारी २००० मध्ये एक्सएचटीएमएल हा कडक उपाय आला. पान खऱ्या अर्थानं त्या स्वरूपात पाठवलं आणि त्यात एक टॅग जरी चुकला, तर फायरफॉक्स पान दाखवायचाच नाही. पिवळ्या पडद्यावर लाल अक्षरांत चुकीची ओळ दाखवायचा. त्या काळचा इंटरनेट एक्सप्लोरर तर अशी पानं उघडतच नसे, म्हणून बहुतेकांनी नाव एक्सएचटीएमएलचं लावलं आणि पाठवलं जुन्याच पद्धतीनं. मी तेव्हा धंद्यात नवी होते आणि त्या कडकपणाच्या प्रेमात होते. आता मला तो उपाय हरला हे योग्यच वाटतं. चूक केली पान लिहिणाऱ्यानं आणि पिवळा पडदा पाहायचा वाचणाऱ्यानं, हा कुठला न्याय?

शेवटी ॲपल, मोझिला आणि ऑपेरा या ब्राउझरवाल्यांनी २००४ मध्ये डब्ल्यूथ्रीसीपासून वेगळी चूल मांडली. इयन हिक्सन यांच्या संपादनाखाली त्यांनी एक अवघड आणि किचकट काम केलं : ब्राउझर चुका कशा सावरतात ते तपासून, सावरण्याचेच नियम लिहून काढले. २०१४ मध्ये एचटीएमएल५ला अधिकृत मान्यता मिळाली, तोवर सगळे ब्राउझर एकाच चुकीची एकाच पद्धतीनं दुरुस्ती करू लागले होते. ही मोठीच सोय झाली. पण त्या सोयीनं चुका आणखी खोल लपल्या. आधी निदान दुसऱ्या ब्राउझरमध्ये पान विस्कटायचं आणि आपण शोधायला लागायचो. आता सगळीकडे सारखंच ठाकठीक दिसतं, आणि किंमत मोजतो तो डोळ्यांनी न वाचणारा वाचक. कडक नियमात शिक्षा सगळ्या वाचकांना होती, उदार नियमात ती मोजक्या वाचकांना आहे. चुकीचा त्रास जिनं चूक केली तिलाच व्हावा, अशी सोय मला व्हॅलिडेटरशिवाय दुसरी दिसत नाही.

सावरणं कसं असतं त्याचा एक नमुना त्याच साइटवर होता. प्रत्येक पुस्तकाच्या पानावर वर्णन होतं. टेम्प्लेटमध्ये वर्णनाभोवती परिच्छेदाचा टॅग घातलेला, आणि ग्रंथपाल मॅडम ज्या एडिटरमध्ये वर्णन लिहितात तो एडिटर स्वतःच परिच्छेदाचे टॅग घालून मजकूर साठवणारा. परिच्छेदात परिच्छेद बसत नाही. ब्राउझरला आतला परिच्छेद दिसला की तो बाहेरचा तिथंच मिटवतो, रिकामाच. मग शेवटी बाहेरच्याचा मिटवणारा टॅग येतो. मिटवायला काहीच शिल्लक नसतं, तेव्हा नियमाप्रमाणे तो आणखी एक रिकामा परिच्छेद तयार करतो. त्या साइटच्या मांडणीत त्यामुळे वर्णनाच्या वर एक मोकळी जागा, खाली एक मोकळी जागा. आधीच्या कुणीतरी ही जागा पाहिली, कारण शोधलं नाही, आणि सीएसएसमध्ये, म्हणजे पानाच्या मांडणीच्या नियमांत, उणे मार्जिन देऊन खालचा मजकूर वर ओढून घेतला. वर्षभर छान चाललं. मग एका पुस्तकाला वर्णनच नव्हतं. आत परिच्छेद नाही म्हणून बाहेरचा नीट मिटला, मोकळी जागा झाली नाही, आणि ओढून घेतलेला मजकूर थेट पुस्तकाच्या नावावर जाऊन बसला. तक्रार आली ती ‘नावावर अक्षरं चढली आहेत’ अशी. मी उणे मार्जिन काढलं, टेम्प्लेटमधला बाहेरचा टॅग काढला, आणि एक टॅग कमी केल्यानं दोन्ही तऱ्हेची पानं सुधारली.

असाच दुसरा नमुना शोधाच्या पानावर. पुस्तक सापडलं नाही तर ‘एकही पुस्तक आढळलं नाही’ हे वाक्य सारणीच्या आत, पण कुठल्याही रकान्याबाहेर छापलं जात होतं. सारणीत असा मोकळा मजकूर चालत नाही, म्हणून ब्राउझर तो उचलून सारणीच्या वर ठेवतो. तिथं तो इतका शोभून दिसायचा, की मुद्दामच तिथं लिहिला असावा असं वाटे. ऐकणाऱ्या माणसाला मात्र आधी ‘आढळलं नाही’ असं ऐकू येई आणि मग चार रकान्यांचं एक रिकामं कोष्टक.

हाताने लिहिलेलं पान एकदा तपासलं की काम झालं. सर्व्हरनं रचलेल्या पानाचं तसं नसतं, कारण ते कुणी मागेपर्यंत अस्तित्वातच नसतं. शीर्ष एका फाइलमध्ये, तळ दुसऱ्या, मधला भाग लूपमध्ये, मजकूर डेटाबेसात. प्रत्येक तुकडा आपल्या जागी निर्दोष असतो. चूक होते ती सांध्यावर. ‘सूचना असेल तर’ या अटीच्या आत डिव्ह हा टॅग उघडला आणि अटीच्या बाहेर मिटवला, तर सूचना असलेल्या दिवशी पान शुद्ध आणि नसलेल्या दिवशी अशुद्ध. म्हणून मी माझ्यापुरता नियम केला आहे : जो टॅग ज्या फाइलमध्ये, ज्या अटीत उघडला, तो तिथंच मिटवायचा. आणि एकदा तपासून न थांबता चार परिस्थितींत तपासायचं : नोंद शून्य, नोंद एक, नोंदी पुष्कळ, आणि एक नोंद विचित्र.

ती विचित्र नोंद आमच्या चाचणीच्या डेटाबेसात कायमची ठेवली आहे. ते पुस्तक जगात नाही. त्याच्या नावात दुहेरी अवतरणचिन्हं आहेत, प्रकाशकाच्या नावात ‘अँड सन्स’मधला अँड चिन्हानं लिहिला आहे, एका ठिकाणी गणितातलं ‘पेक्षा लहान’ चिन्ह आहे, आणि वर्णन मुद्दाम अशा लांबीचं आहे की कापलं तर ‘क्षितिजा’ या शब्दात कापलं जाईल.

यातलं प्रत्येक चिन्ह माझ्या डोक्यात एका खऱ्या घटनेमुळे बसलं आहे. अवतरणचिन्हाचं उदाहरण घ्या. मुखपृष्ठाच्या चित्राला पर्यायी मजकूर होता : कुसुमाग्रज यांच्या "नटसम्राट" नाटकाचं मुखपृष्ठ. टेम्प्लेटनं तो मजकूर स्वतःच्या दुहेरी अवतरणांत घातला. ब्राउझरच्या दृष्टीनं मजकूर ‘यांच्या’ इथंच संपला. पुढचे तीन शब्द त्यानं त्या चित्राचे तीन अनोळखी गुणधर्म समजून घेतले. सरांना ऐकू येई, ‘कुसुमाग्रज यांच्या’, आणि मग शांतता. व्हॅलिडेटर इथं ‘गुणधर्माच्या नावात अवतरणचिन्ह’ असं म्हणतो, आणि आधी कुठंतरी जोडीचं चिन्ह चुकलं असावं असा अंदाजही देतो.

या भोकातून नुसता मजकूर गळत नाही, चोरही आत येतो. वाचकाच्या मजकुरातलं अवतरणचिन्ह जर पानाची रचना मोडू शकत असेल, तर जाणूनबुजून लिहिलेला मजकूर पानात स्वतःचा प्रोग्रामही घुसवू शकतो. ऑक्टोबर २००५ मध्ये सॅमी कामकार या तरुणानं मायस्पेसवर हेच केलं. मायस्पेस ‘जावास्क्रिप्ट’ हा शब्द गाळून टाकत असे. त्यानं तो शब्द मध्येच ओळ तोडून लिहिला, आणि काही ब्राउझरांनी तो तोडलेला शब्दही समजून घेऊन चालवला. एका दिवसाच्या आत दहा लाखांहून अधिक खात्यांत तो प्रोग्राम पसरला. ब्राउझरच्या समजूतदारपणाचा असाही उपयोग होतो.

उपाय ठाऊक असलेला आहे : मजकूर पानात उतरवतानाच त्यातली खास चिन्हं सांकेतिक रूपात बदलायची. उतरवतानाच, साठवताना नाही. साठवतानाही बदलली आणि उतरवतानाही, तर ‘अँड सन्स’च्या जागी वाचकाला अँपरसँड, हॅश, ३८, अर्धविराम आणि मग सन्स, असं काहीतरी दिसतं.

मराठी साइटवर हा घोळ फार मोठा होतो. जुन्या काळी आपली कितीतरी पानं पाश्चात्त्य लिपीसंचाची आहेत असं जाहीर करून चालत. त्या पानावरच्या फॉर्ममध्ये मराठी टाइप केलं, की त्या संचात देवनागरी नसल्यामुळे ब्राउझर प्रत्येक अक्षराचा आकडा पाठवी. ‘म’ऐवजी २३५०, ‘र’ऐवजी २३५२, मागं-पुढं अँपरसँड, हॅश आणि अर्धविराम. डेटाबेसात तेच साठलं. दाखवताना ब्राउझर पुन्हा अक्षर करून दाखवी, म्हणून कुणाला पत्ता नाही. त्यात ‘मराठी’ शब्द शोधला तर सापडत नसे, हे मात्र लोकांच्या लक्षात यायचं. अशा डेटाबेसावर नवी, खबरदार टेम्प्लेट बसवली की ती चिन्हं सांकेतिक करते आणि सगळी ग्रंथसूची आकड्यांनी भरून जाते. त्या वेळी टेम्प्लेटची खबरदारी बंद करण्याचा मोह होतो. तो टाळला पाहिजे. डेटाबेसातल्या नोंदीच एकदा खऱ्या अक्षरांत उलगडून घेतल्या पाहिजेत. आम्ही आधी प्रत काढून, थोड्या-थोड्या नोंदी घेऊन, मॅडमना दाखवत ते केलं.

आणि ‘क्षितिजा’. यूटीएफ-८ या लिपीसंकेतात देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात. ‘क्षि’ हे आपल्याला एक अक्षर. कॉम्प्युटरला क, हलन्त, ष आणि वेलांटी अशी चार चिन्हं, बारा बाइट. यादीच्या पानावर वर्णनाचे पहिले दीडशे बाइट दाखवा असा हुकूम होता. दीडशेला तीननं भाग जातो खरा, पण मधल्या जागा आणि स्वल्पविराम एकेका बाइटचे, त्यामुळे कात्री कुठंही पडते. चिन्हाच्या मध्ये पडली तर काळ्या चौकोनात प्रश्नचिन्ह उमटतं आणि व्हॅलिडेटर बाइट-क्रम बिघडल्याची तक्रार करतो. चिन्हं मोजून कापलं तर व्हॅलिडेटर गप्प बसतो, पण ‘क्’ लोंबकळत राहतो. मी आता शब्दाच्या आधीच्या मोकळ्या जागेवरच कापते. त्याआधी मजकुरातले टॅग काढून टाकते, कारण ठळक अक्षराचा टॅग उघडल्यावर आणि मिटण्याआधी कात्री पडली, तर ब्राउझर ते ठळकपण प्रामाणिकपणे पुढच्या पुस्तकांवरही चालू ठेवतो.

नव्यानं हे काम करणाऱ्यांना दोन गोष्टी सांगाव्याशा वाटतात. पहिली : ‘इन्स्पेक्ट’मध्ये पाहून चुका शोधू नका. तिथं ब्राउझरनं सावरून घेतलेलं पान दिसतं. सर्व्हरनं पाठवलेलं पान ‘व्ह्यू पेज सोर्स’मध्ये दिसतं. पान जावास्क्रिप्टनं ब्राउझरमध्येच रचलं जात असेल, तर मात्र सोर्समध्ये नुसता सांगाडा मिळतो. मग रचून झालेलं पान मजकुरात उतरवून व्हॅलिडेटरला द्यावं लागतं. त्यात न मिटलेले टॅग सापडणार नाहीत, ते ब्राउझरनं मिटवलेले असतात. दुबार आयडी, पर्यायी मजकूर नसलेली चित्रं, भलत्याच ठिकाणी बसलेले घटक सापडतात. दुसरी गोष्ट : चुकांचा आकडा पाहून खचू नका. वाचनालयाच्या मुखपृष्ठावर पहिल्या दिवशी शेकड्यानं तक्रारी होत्या. बऱ्याचशा एकाच मुळाच्या. भेटी मोजणाऱ्या कुठल्याशा सेवेचा तुकडा कुणीतरी पानाच्या शीर्षभागात चिकटवला होता, त्यात जावास्क्रिप्ट बंद असलेल्यांसाठी एक चित्र होतं. शीर्षभागात चित्र चालत नाही. जावास्क्रिप्ट न चालवता वाचणाऱ्याला ते दिसलं की तो शीर्षभाग तिथंच मिटवतो, आणि त्यापुढचे सगळे शीर्षाचे टॅग, खुद्द शरीरभाग उघडणारा टॅगसुद्धा, चुकीच्या जागी आले असं ठरतं. तुकडा खाली नेला आणि तक्रारींची रांग ओसरली. म्हणून नेहमी पहिली चूक दुरुस्त करायची आणि पुन्हा तपासायचं.

ऑक्टोबर २०२३ मध्ये वेब सुगमतेच्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांची २.२ ही आवृत्ती आली, तेव्हा शुद्ध रचनेचा स्वतंत्र निकष, क्रमांक ४.१.१, तिच्यातून काढून टाकला गेला. ब्राउझर आता एकसारखंच सावरतात, आणि ज्या चुका माणसाला खरोखर अडवतात त्या इतर निकषांत येतातच, असा त्यामागचा विचार. विचार पटण्यासारखा आहे. सरांच्या फॉर्ममधली चूक आजही दुसऱ्या निकषात नापासच होते. पण काही जणांनी त्यावरून ‘आता व्हॅलिडेटर लागत नाही’ असा अर्थ काढला, तो मला मान्य नाही. माणसाला अडवणारी चूक कुठली हे कळायला आधी चुका दिसाव्या लागतात. आमच्याकडे आता टेम्प्लेटला हात लावला की त्या विचित्र नोंदीसकट तीस पानं आपोआप तपासली जातात आणि एक जरी नवी चूक निघाली तरी बदल पुढं सरकत नाही.

अगदी शेवटी एक इशारा उरला होता. चूक नव्हे, नुसता इशारा : पानाची भाषा इंग्रजी अशी जाहीर केली आहे, मजकूर मात्र इंग्रजी वाटत नाही. मूळ टेम्प्लेट कुठून तरी उचललेली असणार, तिच्यात इंग्रजीचा संकेत तसाच राहिला होता. मी तिथं मराठीचा ‘एमआर’ हा संकेत घातला. सरांना विचारलं तर म्हणाले, “भाषेप्रमाणे आवाज बदलायची सोय मी कधीच बंद करून ठेवली आहे. मराठी साइट स्वतःला इंग्रजी म्हणवतात, मग इंग्रजी आवाज वाचायला बसतो. आता तुमच्यापुरती चालू करून बघतो.”

ग्रंथपाल मॅडमना या सगळ्या महिन्या-दीड महिन्याच्या दुरुस्त्यांपैकी काहीही दिसण्यासारखं नव्हतं. त्यांना पान आधीही नीट दिसत होतं. पण त्या दिवशी दुपारी त्यांचा फोन आला. “अगं, तू अक्षर बदललंस का? आपल्या ‘वाचनालया’तला ल आज वेगळा दिसतोय. आणि शोधामधला श पण.”

फॉन्ट तोच होता. त्या फॉन्टमध्ये ल आणि श यांची दोन्ही वळणं पहिल्यापासून होती, हिंदीचं आणि मराठीचं. पान मराठी आहे असं कुणी सांगितलं नव्हतं, म्हणून तो इतकी वर्षं हिंदीचं वळण दाखवत होता.

“राहू दे,” मॅडम म्हणाल्या, “हाच आपला.”